मिशनच्या बागेत आधी पाणी पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅलिफोर्नियातील जुन्या स्पॅनिश मिशनच्या बागांविषयी आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. लेख आस्थेने लिहिलेला आहे, छायाचित्रे सुरेख आहेत आणि उन्हाळ्यात लेकासुनेकडे किंवा लेकीजावयाकडे अमेरिकेला जाणाऱ्या मुंबईकर आईवडिलांना तो नक्कीच उपयोगी पडेल. परंतु या बागा स्पॅनिश पाद्र्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी लावल्या आणि त्या आजही जशाच्या तशा राखल्या आहेत, असे जे विधान त्यात आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. मी एकतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि दोन वर्षांपूर्वी लेकीकडे चार महिने राहिले असताना यांपैकी पाच मिशन वही-पेन्सिल घेऊन, सावकाश पाहिली. चूक एखाद्या सनावळीपुरती असती तर मी पत्र लिहिले नसते. पण त्या एका वाक्यामुळे ती बाग कोणाच्या कष्टांनी झाली, कोणत्या पाण्यावर जगली आणि तिथे गेल्यावर नेमके काय पाहायचे, हे सगळेच झाकले जाते. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आदिवासींना ख्रिस्ती करण्यासाठी स्थापलेली ही मिशन एकूण २१. पहिले १७६९ साली सान दिएगो येथे आणि शेवटचे १८२३ साली सोनोमा येथे स्थापन झाले. सर्वांचा कारभार फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांकडे होता आणि पहिली नऊ त्यांचे प्रमुख हुनिपेरो सेरा यांच्या अधिकारात उभी राहिली. मिशन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केवळ चर्च येते. प्रत्यक्षात ते एक अख्खे गाव असे. धान्याची कोठारे, विणकामाचे माग, कातडी कमावण्याचे हौद, साबण व मेणबत्त्यांसाठी चरबी कढवण्याच्या भट्ट्या, गुरांचे वाडे आणि त्यांपलीकडे पसरलेली गव्हामक्याची शेते असा तो पसारा होता. मधोमध चौक आणि भोवती ओवऱ्या, अशी इमारतीची मांडणी आपल्या जुन्या वाड्यांची आठवण करून देते. आपल्या लेखातील जवळजवळ सर्व छायाचित्रे याच चौकातील आहेत: कमळांनी भरलेले कारंजे, गुलाबांचे ताटवे, कमानींवर चढलेली बोगनवेल. मिशनच्या भरभराटीच्या काळात मात्र हा चौक कामाचा होता. तिथे धान्य वाळे, लोकर पिंजली जाई, गाड्या उतरत आणि माणसांच्या व जनावरांच्या पायांनी जमीन चोपून निघे. आपल्याकडे खळ्यात जशी कोणी फुलझाडे लावत नाही, तशीच तिथेही लावलेली नव्हती.

मग ही फुलबाग आली कोठून? मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाल्यावर १८३३ साली तेथील सरकारने कायदा करून मिशनच्या जमिनी पाद्र्यांच्या ताब्यातून काढून घेतल्या. त्यानंतर बहुतेक इमारतींची पडझड झाली आणि छपरांची कौलेसुद्धा लोकांनी उचलून नेली. फ्रान्सिस्कनांनी पहिल्या दिवसापासून आजपर्यंत अखंड राखलेले मिशन एकच, सांता बार्बराचे. तिथल्या चौकात १८७२ साली फुलबाग करण्यात आली. पुढे रेल्वे आली, प्रवासी आले, चित्रकार आले, आणि मिशन म्हणजे कारंजे व फुलांचे ताटवे अशी एक प्रतिमा रुजली. सान हुआन कापिस्ट्रानो येथील मिशन १७७६ चे. पण तिथली बाग १९१० साली आलेल्या एका आजारी पाद्र्याने, पडक्या भिंती सावरत सावरत, हौसेने उभी केली. दीडशे वर्षांची किंवा शंभर वर्षांची बाग हीदेखील जपण्याजोगीच गोष्ट आहे आणि मी त्या बागांना नावे ठेवत नाही. मात्र त्या मिशन बंद पडल्यानंतर, त्यांच्या आठवणीखातर केलेल्या बागा आहेत, एवढे वाचकांना कळले पाहिजे. सांता बार्बराच्या त्या आतल्या बागेत तर नंतरही कितीतरी वर्षे स्त्रियांना मज्जाव होता. एखादी राजकन्या किंवा राष्ट्राध्यक्षांची पत्नी आली तरच दार उघडले जाई. तिथल्या बाकावर मी अर्धा तास बसले होते आणि हे मला सारखे आठवत होते.

मिशनची खरी बाग चौकाबाहेर होती. तिला स्पॅनिशमध्ये ‘उएर्ता’ म्हणतात. आपल्या वसई-पालघरच्या भाषेत सांगायचे तर वाडी. तिथे ऑलिव्ह, अंजीर, डाळिंब, नासपती, लिंबूवर्गीय फळे, द्राक्षे आणि भाजीपाला एकत्र वाढवला जाई. भोवती फड्या निवडुंगाचे कुंपण असे, ज्याची फळे खाल्ली जात आणि ज्याच्या पानांचा चिकट रस चुन्याच्या सफेदीत मिसळत, म्हणजे ती भिंतीला घट्ट धरून राही. सान गाब्रिएल येथे १८०४ च्या सुमारास संत्र्यांची जी बाग लावली गेली, ती कॅलिफोर्नियातील पहिली मानतात. मिशनमध्ये वाढवलेले काळे अंजीर आजही अमेरिकेच्या बाजारात ‘मिशन’ याच नावाने विकले जाते. मिशनचे द्राक्ष म्हणून ओळखली जाणारी काळी जात कुठली, याविषयी फार काळ तर्कच चालले होते. अखेर जनुकीय तपासणीत ती स्पेनमधील ‘लिस्तान प्रिएतो’ ही जुनी जात असल्याचे सिद्ध झाले. सान लुईस रे येथे पेरू देशातून आलेल्या बियांपासून १८३० साली लावलेले ‘पेपर ट्री’ आजही उभे आहे. नाव मिरीचे असले तरी आपल्या काळ्या मिरीशी त्याचे काही नाते नाही. ते आंब्या-काजूच्या कुळातले झाड आहे आणि त्याचे पान चुरगळून हुंगले की हे लगेच पटते. त्याचे खोड इतके पोखरलेले व पिळवटलेले आहे की फांद्यांना टेकू दिले आहेत. तिथे मी त्याच्या सावलीत उभी राहिले तेव्हा पानांच्या देठांशी गुलाबी फळांचे घोस लोंबत होते आणि खाली पडलेली फळे चिमण्या टिपत होत्या.

या शतकाच्या सुरुवातीला सांता बार्बराच्या मिशनने आपली जुनी वाडी पुन्हा लावायला घेतली आणि त्यांनी ती ज्या पद्धतीने लावली, ती मला फार मोलाची वाटते. रोपवाटिकेतून मिळतील ती झाडे आणून त्यांनी जागा भरली नाही. जुन्या मिशनच्या आवारांत, जुन्या घरांच्या परसांत, कुठल्या तरी पडक्या भिंतीशी त्या काळातील जे ऑलिव्ह, जे अंजीर, जी द्राक्षवेल अजून तगून होती, त्यांच्या फांद्या आणून त्यांची कलमे केली. म्हणजे आज तिथे दिसणारे झाड वयाने वीस वर्षांचे असले तरी त्याचा वाण दोनशे वर्षांचा आहे. कलमाने वाढवलेल्या झाडाच्या बाबतीत हे शब्दशः खरे असते, कारण ते मूळ झाडाचाच तुकडा असते. गाभुळलेले अंजीर पानाआड लपलेले पाहून मला माझ्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. परीक्षेत कलमाच्या व्याख्येला ते पैकीच्या पैकी गुण मिळवत. पण एखादी फांदी दोन शतके ओलांडून येते, हे त्यांना दाखवायला माझ्याजवळ त्या वेळी काही नव्हते.

आता पाण्याविषयी, कारण लेखात पाण्याचा एकही उल्लेख नाही आणि माझ्या मते पाणी वगळून या जागा समजणारच नाहीत. दक्षिण कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पाऊस पडत नाही. आपल्या उलट तिथे जो काही पाऊस होतो तो हिवाळ्यात. अशा प्रदेशात वाडी करायची तर आधी पाणी आणले पाहिजे. सांता बार्बराच्या मिशनसाठी डोंगरातील ओढ्यावर १८०७ साली दगडी धरण बांधले गेले. मिशनपासून दोन-अडीच किलोमीटरवर, आज जिथे शहराचे वनस्पतिउद्यान आहे तिथे, ते अजून पाहायला मिळते. तिथून दगडी पाटाने पाणी खाली येई, टाक्यांत साठे, मग चक्की फिरवी, कातड्याच्या हौदांत जाई आणि शेतांना मिळे. मिशनसमोरच्या रस्त्यापलीकडील उद्यानात त्या टाक्यांचे, चक्कीचे व हौदांचे अवशेष आहेत. त्यातील एक टाके पुढे शहराच्या पाणीपुरवठ्यासाठीही कित्येक वर्षे वापरात होते. पर्यटक मात्र त्या बाजूला गुलाबाच्या बागेपुरतेच जातात.

चर्चच्या पायऱ्यांपुढेच १८०८ साली बांधलेले कारंजे आणि त्याला लागून धुण्याचा लांबलचक दगडी हौद आहे. आपल्या लेखात कारंज्याचे छायाचित्र आहे, पण शेजारचा हौद चौकटीबाहेर राहिला आहे. कारंज्याचे पाणी कोरलेल्या प्राण्याच्या तोंडातून या हौदात पडे. हौदाच्या कडा आतल्या बाजूला उतरत्या आहेत आणि त्या उतारावर मिशनमधील आदिवासी स्त्रिया कपडे आपटत व घासत. मी वाकून त्या कडेवरून हात फिरवला. मधला भाग गुळगुळीत आहे आणि दोन्ही टोकांचा दगड अजून खरबरीत लागतो. किती बायकांच्या किती सकाळी तिथे गेल्या असतील, याचा हिशेब त्या एका कडेत आहे. सान लुईस रे येथील धुण्याची जागा तर याहून मोठी आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते, भिंतीत कोरलेल्या मुखांतून पाणी येई आणि धुणे झाल्यावर तेच पाणी पुढे वाडीला जाई.

हे वाचताना आपल्या अनेक वाचकांना आजोळ आठवेल, याची मला खात्री आहे. माझे माहेर वसईचे. आमच्या वाडीला बावखल होते. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, वसईच्या वाड्यांमधून जमिनीत खोदलेले, पावसाचे पाणी साठवणारे व मुरवणारे जे तळे असते, त्याला बावखल म्हणतात. त्यावर रहाट होता. बैल फिरे तशी गाडगी भरून वर येत आणि पन्हळीतून पाटात रिकामी होत. पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायला, म्हणजे दारे धरायला, आम्हा मुलांना पिटाळले जाई. पानवेल आणि केळी हे वाडीचे मुख्य पीक. धुण्याच्या दगडापासून निघालेले सांडपाणी अळूच्या वाफ्यात जाई, तिथेही एक थेंब वाया जात नसे. स्पॅनिशमध्ये पाटाला ‘असेकिया’ म्हणतात आणि तो शब्द अरबीतून आलेला आहे. कोरड्या प्रदेशात पाणी वळवण्याची विद्या स्पेनला अरबांनी शिकवली, तिथून ती अमेरिकेत गेली. टेक्सासमधील सान अँटोनियोच्या मिशनजवळचे असे पाट अठराव्या शतकातील असून त्यांतले काही आजही वाहते आहेत आणि तिथल्या एस्पादा मिशनचे पाणी ओढ्यावरून नेणारी दगडी कमान अजून काम करते. २०१५ साली या मिशनचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्या वारशात चर्चबरोबर पाट आणि शेतेही धरलेली आहेत, ही गोष्ट आपण लक्षात घेण्यासारखी आहे.

लेखात ‘पाद्र्यांनी बाग लावली’, ‘पाद्र्यांनी पाणी आणले’, ‘पाद्र्यांनी भिंती बांधल्या’ अशी वाक्यरचना वारंवार येते. एका मिशनमध्ये साधारणपणे दोन पाद्री असत. दोन माणसे धरण बांधू शकत नाहीत. सांता बार्बरा येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चुमाश या स्थानिक आदिवासी जमातीचे सतराशेहून अधिक लोक राहत होते आणि धरण, पाट, हौद, विटा, वाडी हे सारे त्यांच्या श्रमांतून झाले. एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय मिशन सोडून जाण्याची त्यांना मुभा नसे. पळून गेलेल्यांना शिपाई पकडून आणत आणि फटक्यांची शिक्षा होई. युरोपातून आलेल्या गोवर-देवीसारख्या रोगांनी मुले व बाया मोठ्या संख्येने दगावल्या. १८२४ साली सांता इनेस, ला पुरिसिमा आणि सांता बार्बरा या तिन्ही मिशनमधील चुमाशांनी उठाव केला होता. सेरा यांना २०१५ साली संतपद देण्यात आले, तेव्हा तेथील आदिवासींच्या वंशजांनी निषेध नोंदवला, तो याच कारणाने. मी कोणाच्याही श्रद्धेला बोल लावू इच्छित नाही. माझ्या शेजारात व मैत्रीत अनेक ख्रिस्ती कुटुंबे आहेत आणि या विषयावर त्यांच्याशी माझे मोकळेपणाने बोलणे होते. पण बागेचे श्रेय देताना जिच्या हातांना माती लागली होती, तिचे नाव गाळणे योग्य नाही.

आणि बहुतेकींची नावे खरोखरच गळून गेली आहेत. सांता बार्बराच्या चर्चला लागून जी दफनभूमी आहे, ती आज एखाद्या उद्यानासारखी दिसते. मधोमध एक विशाल झाड आहे, ऑस्ट्रेलियातून आलेले, आपल्या वडपिंपळाच्याच प्रजातीतले. त्याची मुळे जमिनीवर भिंतींसारखी उभी राहिली आहेत. त्याच्या आसपास सुमारे चार हजार चुमाश पुरलेले आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ कोणाच्याच नावाचा दगड नाही. भिंतीवर एक पाटी मात्र आहे, हुआना मारिया या स्त्रीची. सान निकोलास बेटावर ती १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षे एकटी राहिली. तिला बोटीने किनाऱ्यावर आणले तेव्हा तिची भाषा पूर्णपणे समजणारे कोणी भेटले नाही आणि काही आठवड्यांतच ती वारली. हुआना मारिया हे तिला शेवटी दिलेले नाव. तिचे स्वतःचे नाव कोणालाच कळले नाही. त्या पाटीपुढे माझ्या नातीने मला विचारले की, आजी, मग तिला हाक कशी मारायची? मला उत्तर देता आले नाही.

एक गोष्ट वनस्पतिशास्त्राची शिक्षिका म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. या इमारती कच्च्या विटांच्या, म्हणजे माती आणि गवताचे काड यांच्या आहेत. १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका कृषिशास्त्रज्ञाने जुन्या भिंतींच्या विटा पाण्यात विरघळवून त्यांत अडकलेल्या बिया व काड्या वेगळ्या केल्या आणि कोणती भिंत कधी बांधली हे ठाऊक असल्यामुळे, कोणते पीक व कोणते तण तिथे कधी पोहोचले होते, हे त्यांतून ठरवले. वीट म्हणजे त्या वर्षीच्या शेताचा जपून ठेवलेला नमुनाच. स्पॅनिश गुरांच्या पोटातून व लोकरीतून आलेली तणे पाहता पाहता डोंगरांवर पसरली आणि ज्या चिया वनस्पतीचे बी आदिवासी स्त्रिया टोपल्यांत झोडपून गोळा करीत, ती मागे हटली. ही चिया आपल्या तुळस-सब्जाच्या कुळातली. वसंतात त्या टेकड्या मोहरीच्या फुलांनी पिवळ्याधमक होतात आणि पाद्र्यांनी वाट ओळखू यावी म्हणून मोहरी शिंपडत नेली, अशी आख्यायिका गाईड सांगतात. दृश्य देखणे आहेच; पण तो मोहोर मूळच्या गवताची जागा घेऊन आलेला आहे.

मुंबईच्या वाचकांना या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. मी बोरिवलीत, मंडपेश्वर लेण्यांपासून दहा मिनिटांच्या वाटेवर राहते. शिवाच्या या लेण्यांत सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी प्रार्थनागृह केले आणि वरच्या अंगाला मठ उभारला. त्याचे भग्नावशेष आजही टेकडीवर आहेत आणि लेण्यातील दगडात कोरलेला क्रूसही दिसतो. पंथ तोच, ज्याने पुढे कॅलिफोर्नियात मिशन उभारली. इतकेच नव्हे, १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाच्या अमलाखाली होते. म्हणजे तितका काळ वसई, साष्टी आणि मुंबईचे बेटदेखील स्पेनच्या राजाचे होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तोवर इथल्या मठांच्या वाड्या जवळजवळ दोनशे वर्षे जुन्या झाल्या होत्या. मुंबई बेट ज्याला खंडाने दिले होते, तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात, या बेटावरील आपला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असे नोंदवून ठेवले आहे. आणि आपल्या परसातील झाडे पाहा: सीताफळ, रामफळ, पपई, अननस, काजू, मिरची, झेंडू, गुलबक्षी, देवचाफा, हे सारे अमेरिकेतून आलेले. पेरूही तिकडचाच. घोलवडच्या चिक्कूचे नाव मेक्सिकोतील जुन्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आपल्यापर्यंत पोहोचले. सान गाब्रिएलच्या कुंपणाचा फड्या निवडुंग पाहून मला परके वाटलेच नाही, कारण आमच्या शेताच्या बांधावरही तोच होता.

म्हणूनच इथल्या अशा जागांचे जे चालले आहे, ते पाहून फार वाईट वाटते. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचे सांत अंतोनियोचे चर्च आहे, फरशीत थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत, जवळपास जुन्या विहिरी आहेत. लोक तिथे विवाहपूर्व छायाचित्रे काढायला येतात आणि विहिरीत प्लास्टिकच्या बाटल्या टाकून जातात. ऐतिहासिक आवारांचे सुशोभीकरण करायचे ठरले की पेव्हर ब्लॉक, हिरवळीचे तयार गालिचे, रंगीत दिवे आणि कुंड्या एवढीच कल्पना आपल्यापुढे असते. हिरवळीला रोज पाणी लागते आणि ते टँकरने आणले जाते. शेजारची विहीर मात्र उपसलीही जात नाही. गेल्या वर्षी माझ्या माहेरच्या गावी एक जुने बावखल बांधकामाच्या डबराने भरले जात आहे असे कळले, तेव्हा मी संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला. शिक्का मारलेली पोच मिळाली. त्यानंतर तीन खेपा घातल्या, दर वेळी साहेब जागेवर नसल्याचे सांगण्यात आले आणि मेअखेरीस ते बावखल सपाट झाले. जुलैमध्ये शेजारच्या दोन वाड्यांत गुडघाभर पाणी साचले व केळीची रोपे कुजली. पाणी पूर्वी जिथे जाऊन बसत होते, ती जागाच उरली नव्हती.

माझी विनंती अशी की, मंडपेश्वर असो वा वसई, कोणत्याही जुन्या धार्मिक आवारात फावडे लावण्यापूर्वी तिथल्या विहिरी, टाकी, पाट आणि जुनी झाडे यांची नोंद एखाद्या जाणत्या वनस्पतितज्ज्ञाकडून व गावातील वृद्धांकडून करून घ्यावी. झाडे लावायची झाली तर ती वसईच्या, गोराई-उत्तनच्या व पालघरच्या वाड्यांत अजून टिकून असलेल्या जुन्या वाणांची कलमे करून लावावीत. जुना रायवळ आंबा, जुन्या केळीचे वाण, गावठी पेरू अजून मिळतात, पण वाड्या विकल्या जात आहेत आणि त्यांबरोबर ही झाडेही जात आहेत. आणि तिथे जी पाटी लावली जाईल तिच्यावर राजे, पाद्री आणि सरदार यांच्या जोडीला, पाथरवट, पाणक्ये, वाडीत राबणाऱ्या बायाबापड्या यांचाही उल्लेख असावा. मंडपेश्वरच्या पाटीवर शिवाचे लेणे आणि फ्रान्सिस्कनांचा मठ या दोन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणे लिहिल्या गेल्या, तर कोणाच्याही भावना दुखावण्याचे कारण नाही, असे मला वाटते.

आपणास एवढेच सुचवावेसे वाटते की, पुढच्या एखाद्या अंकात त्या विधानाची दुरुस्ती छापावी, आणि शक्य झाल्यास सांता बार्बराच्या धुण्याच्या हौदाचे एक छायाचित्रही द्यावे. जे वाचक यंदा तिकडे जाणार आहेत त्यांनी चौकातील बाग शेवटी पाहावी. सकाळी ऊन चढण्यापूर्वी आधी वनस्पतिउद्यानातील धरणापाशी जावे, मग टाकी, मग हौद, मग नवी-जुनी वाडी आणि त्यानंतर दफनभूमी, असे पाण्याच्या वाटेने खाली यावे. चढउतार बेताचा आहे. माझे गुडघे दुखतात, तरी मला जमले.

परत आल्यापासून मी माहेरच्या गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारून बावखलांची नावे लिहून घेत आहे. आतापर्यंत नऊ मिळाली आहेत. त्यांपैकी चार बुजली आहेत आणि दोहोंच्या काठी अजून रहाटाचे दगडी खांब उभे आहेत. आपल्या वाचकांपैकी कोणाला वसईपट्ट्यातील आणखी बावखले, त्यांची नावे किंवा काठावरची जुनी झाडे ठाऊक असतील तर त्यांनी ती आपल्या कार्यालयाकडे कळवावीत. मी येऊन ती वही आपल्याकडे देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
बोरिवली (पश्चिम), मुंबई